काजळी कुणाच्या मागं

गुरुसिद्धानं दोरी वडली. फर्रर्र. काय न्हाय. परत वडली. फर्रर्र. गोठ्याच्या दारात पोतं अंथरून, दुखरा पाय लांब सोडून तो बसल्ता आणि मांडीवर ती हातभर गाडी. तांबडी, एका अंगाला चिरलेली. खऱ्या गाडीगत चार रबरी चाकं, मधी मूठभर इंजन, आणि इंजन चालू करायला जनरेटरला असती तसली दोरी. बाजूला रिमोटचा डबा, त्याची लांब एरियल आभाळाकडं.

"गुरू, सकाळी चारा घातलास का तिला? उपाशी हाय, म्हणून उठंना!" समोरच्या कट्ट्यावरनं कुणीतरी वरडलं. अख्खा कट्टा हसला.

"तुझ्या बाला बोलीव ढकलाय," गुरुसिद्ध मान वर न करता म्हणला, आणि दात खाऊन तिसऱ्यांदा वडली. दोरी तुटून हातात आली.

कट्ट्यावर शिट्ट्या.

ही दोन हजार चार सालची गोष्ट, आमच्या गवळ्यांच्या गल्लीतली. गुरुसिद्धावर हसणारी तवा लई हुती, आजबी हायत. पण त्या दिवाळीचं सांगताना ती मंडळी अर्धंच सांगत्यात. म्हणून पुरं सांगायला पायजे.

कोल्लापुरात दिवाळीच्या पाडव्याला गवळ्याची म्हस नवरीगत नटती. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळावर मोराचं पीस. मग मालक मोटरसायकलीचा सायलेन्सर काढून म्होरं सुटतो आणि म्हस मागनं पळती. दावं न्हाय, काठी न्हाय. रस्त्यावर धा गाड्या वरडत असल्या तरी ती आपल्याच गाडीचा आवाज धरती. ज्याची म्हस दुसऱ्याच्या मागं गेली, त्यानं वर्षभर खाली मान घालून दूध घालायचं.

गुरुसिद्धाची काजळी कंदीच चुकली न्हाय. आठवीत मास्तर म्हणले, "शेणाचा वास मारतोय, मागच्या बाकावर बस." हा उठला तो मागच्या बाकावर न्हाय गेला, सरळ घरला आला. त्याच पावसाळ्यात काजळी जल्मली. हिची आई चार दिसांत मेली. ह्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवली. तिला रेडकू असल्यापासनं आपल्या येझडी मोटरसायकलीच्या मागं पळायची सव लावली. घरात येझडीचा आवाज आला की ती खाता खाता मान वर करायची.

मग शिये फाट्याजवळ उसाच्या ट्रॅक्टरनं येझडी उडवली. दुधाची कॅनं एकीकडं, गुरुसिद्ध एकीकडं. खुब्यात सळी पडली. डाक्टर म्हणले, "चालशील, पण मोटरसायकल इसर." येझडी दुरुस्त झाली, मालक झाला न्हाय. चार म्हैनं हा खाटंवर पडल्ता, आणि धारा, शेण, रतीब सगळं थोरला भाऊ आण्णानं बघितलं. ते खोटं न्हाय. आण्णा राबला. पण राबला तसं दर सांच्याला बोलूनबी दाखवलं.

श्रावण सरता सरता वाटणी झाली. घर वाटलं, गोठा वाटला, दुधाची गिऱ्हाइकं गल्लीवार वाटली. येझडी आण्णाच्या वाट्याला गेली, कारण लंगड्याला ती काय करायची? र्‍हायली काजळी. तिच्या दाव्याला दोघांनी एकदमच हात घातला.

"सोड," आण्णा म्हणला. "तू खाटंवर मुतत हुतास तवा हिचं शेण मी काढलंय."

"आणि ती बाटली चोखत हुती तवा तू कुठं हुतास? पत्त्याच्या क्लबात?"

"त्वांड संबाळ. भाकरी माझी खाल्लीस तू."

"ओकून देऊ काय?"

आण्णानं दुधाचं कॅन उचललं. ह्यानं हातातली कुबडी उगारली. कॅन बसलं असतं तर एक मेला असता, कुबडी बसली असती तर दुसरा. तेवढ्यात त्यांची आई, रत्नव्वा, भाकरीचं पीठ हाताला तसंच घिऊन भाईर आली आणि दोघांच्या मधी हुबी र्‍हायली.

"थांबा रं, मुडद्यांनो. तुमच्या आज्ज्याचा न्येम हाय. म्हशीवरनं भांडण पडलं की पाडव्याला तिला मोकळी सोडायची. ज्याच्या मागं पळंल, त्याची. हाक मारायची न्हाय, हात लावायचा न्हाय, पेंड दावायची न्हाय. तवर दोघांनी सारखी राखायची."

आण्णाचं त्वांड एकदम फुललं. कारण काजळी पळायची ती येझडीच्या आवाजामागं, आणि येझडी आता त्याची. "माझी तयारी हाय, अव्वा," म्हणला आणि कॅन खाली ठेवलं. गुरुसिद्धानं कुबडी खाली घेतली. आज्ज्याचा न्येम मोडायचा म्हणजे गल्लीत तोंड काळं.

म्हणजे आता गुरुसिद्धाला आवाज पायजे हुता. बसून काढता येणारा, आणि म्हशीच्या म्होरं पळणारा.

तो त्यानं ऐकलेला हुता. ताराबाई पार्कात एका बंगल्याला तो दूध घालायचा. तितला पोरगा अंगणात एक खेळण्यातली गाडी पळवायचा, पण ती सेलवरची न्हवं, तेलावरची. भुंग्यानं मोटरसायकल गिळावी तसला आवाज. पोरगं शिकाय परदेशी गेलं, आणि गाडी भंगारवाल्याकडं आली. गुरुसिद्धानं हातातलं घड्याळ काढून दिलं आणि गाडी, रिमोट आणि एक बाटली असं सगळं पिशवीत घालून आणलं.

दोरी तुटली त्याच दुपारी त्याचा दोस्त ज्ञानू आला. ज्ञानू उद्यमनगरात लेथवर कामाला. त्याचं म्हणणं, कोल्लापुरात जल्मलेल्याला इंजन कुणी शिकवू नये. गाडी हातात घिऊन त्यानं आधी हुंगली.

"काय घातलंयस?"

"पेट्रोल. टूटी आइल मिसळून."

"मग बरोबर हाय की. आणि बाटलीत आल्तं ते?"

"तूच न्हाय का काल म्हणलास, उग्र वास मारतंय, नासलंय, वतून टाक? वतलं गटारात."

"ब्येस केलंस." ज्ञानूनं इंजन उलटंपालटं केलं. "आयला, ह्याला म्याग्नेट न्हाय, कॉइल न्हाय. प्लगाला करंट कोण दिणार? तुझा मामा? बॅटरी आण."

कुणाच्यातरी मोटरसायकलीची बॅटरी आली. ज्ञानूनं दोन वायरी प्लगाला लावल्या. प्लगात एक बारीक उजेड झाला, टिक् वाजलं, आणि उजेड गेला तो गेलाच.

"आता?" गुरुसिद्ध म्हणला.

ज्ञानूनं प्लग काढून बघितला. आतली तार जळल्ती.

आणि तवाच आण्णा येझडीवरनं गल्लीत आला. सायलेन्सर काढलेला. ते तो आता रोज सांच्याला करायचा, मुद्दाम. गोठ्याम्होरं थांबला, मूठ पिळली. धडधडधड. आत काजळी उठली आणि दाव्याला हिसका दिऊन दाराकडं आली.

"बाळाची गाडी झोपली व्हय?" आण्णा म्हणला. "अंगाई म्हणा." आणि गेला. काजळी त्याच्या धुराकडं बघत हुबी र्‍हायली. गुरुसिद्धाच्या हातातली दोरी तळव्यात रुतली हुती, त्याला कळलं न्हाय.

तेलाचं कोडं सोडवलं रत्नव्वानं, आणि तेबी सोडवायचं म्हणून न्हवं. रोज रातच्याला ती त्याच्या खुब्याला एरंडेल चोळायची. एकदा गाडीसंगं आलेली रिकामी बाटली शेणखड्ड्यात टाकाय निघाली आणि वास घिऊन म्हणली, "ह्यात एरंडेल कशाला भरल्तं रं?"

गुरुसिद्ध उठून बसला. "अव्वा, परत हुंग."

"मी कुणाच्याच बाजूनं न्हाय," ती म्हणली. "एरंडेलाला एरंडेल म्हणती, एवढंच."

बाटली ज्ञानूच्या नाकाखाली गेली. एरंडेलाच्या खालनं दुसरा वास हुता, स्पिरिटाचा. तो त्याला वळखू आला. फौंड्रीत साच्याला रंग मारत्यात, त्यात मेथॅनॉल घालत्यात, तोच. म्हणजे ह्या इंजनाला पेट्रोल चालतच न्हवतं, आणि चालणारं तेल ह्या दोन हुशारांनी गटारात वतल्तं. प्लगाचंबी तसंच. पुण्याच्या दुकानातनं एसटीच्या कंडक्टरच्या हातनं नवा प्लग आला, तवा दुकानदारानं निरोप धाडला: ह्याला मोटरसायकलीची बॅटरी लावू नका, टॉर्चातला एक मोठा सेल बास. तार तापली पायजे, जळाय न्हाय पायजे.

फौंड्रीतल्या माणसानं मेथॅनॉल देताना आणखी एक सांगितलं. "दिवसा ह्याचा जाळ दिसत न्हाय बरं का. माणूस पेटला तरी बघणाऱ्याला कळत न्हाय. इख हाय ते, तोंडाला लावू नका, आणि उन्हात संबाळून."

मेथॅनॉल आणि एरंडेल मिसळलं, सेल लावला, ज्ञानूनं बसवलेली नवी दोरी वडली. दोनदा फर्रर्र. तिसऱ्यांदा गाडी किंचाळली.

अख्ख्या गल्लीला लहानपणीच्या जुलाबाचा वास आला. पांढरा धूर गोठ्यात कोंडला, शेजारची रेडकं खुंट्यासकट उधळली, आणि काजळीनं मागचा पाय उचलून गाडीला अशी लाथ घातली की टप आणखी चिरला. "घाल, आणखी घाल!" आण्णा पलीकडच्या दारातनं टाळ्या वाजवत हुता.

गुरुसिद्ध चिडला. आण्णावर चिडला, म्हशीवर न्हाय. दुसऱ्या दिसापासनं सकाळी उजाडलं की पंचगंगंच्या काठावर. आधी गाडी बंद, टपावर पेंडीचा गोळा. काजळी खायची, गाडी चाटायची. मग इंजन चालू, गाडी जाग्यावर, पेंड म्होरं. काजळी मागं सरायची, फुसफुसायची, पण पेंडीसाठी यायची. मग गाडी हातभर म्होरं. मग पुरुषभर. मग तो काठावर दगडावर बसायचा आणि गाडी सोडायचा.

चालवणं त्यालाच येत न्हवतं. गाडी लांब जाताना डावं ते डावंच, पण आपल्याकडं तोंड करून यायला लागली की उलटं हुतं. डावीकडं दाबलं की ती उजवीकडं जाती. दोनदा नदीत घातली, एकदा धुणं धुणाऱ्या बाईच्या बादलीत. तिनं गाडी उचलून फेकली आणि वर म्हणली, "मेल्या, म्हशी वळायच्या सोडून पोरखेळ करतोस!" ज्ञानू दर सांच्याला ती उघडून पुसायचा, सुई फिरवून तेल कमी-जास्त करायचा. जास्त तेल म्हणजे धूर आणि रडका आवाज. कमी केलं की आवाज चढायचा, पण इंजन तापायचं. गुरुसिद्धानं एक ठिकाण धरलं आणि ज्ञानूला सुईला हात लावाय दिला न्हाय.

"आवाज बदलला की तिला कळंल," म्हणायचा.

गल्लीनं त्याला 'रिमोट' नाव ठेवलं. कुणी गाडीची एरियल तोडली. कुणी टप शेणखड्ड्यात पुरला. ज्याच्यावर संशय, त्याच्या चपला दुसऱ्या दिवशी त्याच खड्ड्यात सापडायच्या. हा कुणाला रामराम घालंना, कुणी ह्याला घालंना. कट्ट्यावरनं जाताना थुंकायचा, आणि कट्टाबी. घरात दोन भाऊ एका आईच्या हातची भाकरी खायचे, भिंतीला पाठी लावून, एक आतल्या खोलीत, एक भाईरच्या.

पाडव्याच्या दुपारी रत्नव्वानं काजळीची शिंगं स्वतः रंगवली. अर्धं हिरवं, अर्धं तांबडं. "कुणाच्या बाजूनं न्हाय" म्हणून दोन्ही रंग. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी रस्त्याच्या मधी चुन्याची रेघ वडली आणि काजळीला तिच्यावर हुबी केली. हलगीवाले आले. गच्चीवर बायका, कट्ट्यावर गडी, कुणी कुणाचं ऐकंना एवढा गलका. आण्णा परटाच्या इस्त्रीचा पांढरा लेंगा घालून येझडीवर. गुरुसिद्ध रस्त्याकडंच्या पोत्यावर, रिमोट मांडीवर. ज्ञानू त्याच्या शेजारी, हातात सेल.

"लंगड्या, हलगीच्या गलक्यात म्हशीला न्हाय ऐकाय येणार तुझा भुंगा," आण्णा म्हणला. "म्हस रेघंवर हुबी हाय तवरच घरला जा."

"तू तुझं बघ. लेंगा वर धर, घाण हुईल."

काजळीचं दावं सुटलं. आण्णानं ते म्हाताऱ्याच्या हातातनं घिऊन आपल्याच खांद्यावर टाकलं.

आण्णानं किक मारली. येझडी धडधडली, आणि काजळीनं मान फिरवली. जल्मभरचा आवाज. ती त्याच्यामागं निघाली. चार ढांगा, धा ढांगा. कट्टा वरडला. आण्णानं मागं बघून हात हवेत केला.

गुरुसिद्धाच्या हातातनं दोरी निसटली. परत धरली. वडली. फर्रर्र. ज्ञानूचा सेल प्लगावरनं सटकतोय. "नीट धर, मुडद्या!" परत वडली. गाडी किंचाळली, पांढरा धूर सुटला, आणि गुरुसिद्धानं मूठ पुरी दाबली. तांबडी गाडी काजळीच्या पोटाखालनं गेली, म्होरं गेली, येझडीच्याबी म्होरं गेली आणि एकदम वळली. डावं उजवं उलटं. त्यानं चुकीचं दाबलं न्हाय.

काजळी थांबली. येझडी पलीकडं जाती हाय, भुंगा अलीकडं येतोय. म्हस मधीच. गच्चीवरच्या बायका कठड्यावरनं वाकल्या. मग काजळीनं शेपूट वर केलं, अंग झाडलं, कवड्या खळखळल्या, आणि ती फिरली. भुंग्यामागं. आधी दुडक्या चालीनं, मग धावत, जमीन दणाणत गुरुसिद्धाच्या दिशेनं.

मग वरच्या गच्चीवरनं कुणीतरी पयली शिट्टी मारली.

आण्णानं येझडी वळवली. त्याचं त्वांड बघाय नको असं झाल्तं. सरळ गाडीवर आला. गुरुसिद्धानं डावीकडं दाबलं, आण्णा डावीकडं. उजवीकडं, तर आण्णा उजवीकडं. येझडीचं म्होरचं चाक टपावरनं गेलं, मागलं इंजनावरनं. काडकन् आवाज, भुंगा मेला, तेलाची टाकी फुटून येझडीच्या तापल्या नळीवर आणि आण्णाच्या पायावर तेल उडालं. येझडी बाजूला कलंडली, आण्णा खाली उतरला आणि म्हणला, "आता पळीव."

आणि नाचाय लागला.

एक पाय वर, दुसरा वर, लेंगा झटकतोय, गिरकी घेतोय. बघणाऱ्याला वाटलं, हरला आणि निर्लज्जागत नाचतोय. हलगीवाल्यांनी ठेका धरला. कट्ट्यावरची पोरं शिट्ट्या घालत नाचाय लागली. जाळ कुणाला दिसतच न्हवता. उन्हात लेंगा नुसता काळा होत होत वर सरकत हुता.

गुरुसिद्धाला दिसलं. त्याला फौंड्रीतल्या माणसाचं बोलणं ठाऊक हुतं. आणि खरं सांगायचं तर तो एक क्षण तसाच बसला. नाच, म्हणला मनात. मुतऱ्या म्हणलास, लंगड्या म्हणलास, आता नाच. मग आण्णा वरडला आणि तो आवाज नाचणाऱ्याचा न्हवता.

कुबडी तिथंच टाकून गुरुसिद्ध उठला. काजळीसाठी भरून ठेवलेली पाण्याची बादली उचलली. सळीच्या पायावर भार दिऊन, कमरंत कळ मारत, तो रस्त्याच्या मधी गेला आणि बादली आण्णावर पालथी केली. मग शेजारच्या गोठ्यातली दुसरी. तिच्यात शेण कालवलेलं हुतं.

"सणासुदीचं शेण वततोस, सुक्काळीच्या?" आण्णा खाली बसत वरडला.

"पेटलायस तू! पाय बघ तुझा!"

आण्णानं पाय बघितला. नडगीची कातडी सुटल्ती. तवा कुठं हलगी थांबली.

म्हाताऱ्यांनी निकाल द्यायला येळ लावला न्हाय. काजळी चेंदामेंदा झालेल्या गाडीपाशी हुबी हुती आणि फुटक्या टपाला चाटत हुती. "गुरूची," त्यातला थोरला म्हणला. आण्णाला रिक्षात घालाय चारजणांनी उचलला, तवा त्याच्या खांद्यावर काजळीचं दावं तसंच हुतं. त्यानं ते काढून गुरुसिद्धाच्या अंगावर फेकलं. तोंडावर बसलं. गुरुसिद्धानं उचललं.

बोलणं झालं न्हाय. त्या दिवशी न्हाय, त्या वर्षी न्हाय. रत्नव्वा सकाळी एकाच्या खुब्याला एरंडेल आणि दुसऱ्याच्या नडगीला मलम लावायची, आणि दोघांनाबी सारख्याच शिव्या घालायची. काजळी नंतर दोनदा व्याली. आण्णानं गुरुसिद्धाच्या गोठ्याच्या दारात कंदी पाय ठेवला न्हाय, येझडी इकली आणि कागलच्या साखर कारखान्यात कामाला लागला. गुरुसिद्धानं तसली गाडी परत घेतली न्हाय. भंगारवाला एकदा दुसरी घिऊन आल्ता, त्याला हाकलून काढला.

रत्नव्वा गेली दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात. तिच्या कार्याला तिचा भाऊ संकेश्वराहून आला. जेवणावळी उठल्यावर भाऊ भाऊ दोन टोकाला बसल्ते. मामानं इचारलं, एवढं वैर कशाचं. गुरुसिद्धानं सांगितलं: आज्ज्याचा न्येम, पाडवा, काजळी. आण्णा पलीकडनं म्हणला, "न्येमानं गेली, त्याचं मला काय न्हाय. पण आज्ज्यानं असला न्येम केला त्याला काय म्हणायचं?"

मामा उठून दोघांच्या मधी येऊन बसला.

"कसला न्येम? तुमच्या आज्ज्यानं असलं कायबी कंदी म्हटलं न्हाय. अक्कानं त्याच आठवड्यात मला सांगितल्तं. तू कॅन उचलल्तंस, ह्यानं कुबडी. म्हणली, तुम्हाला थांबवायला तोंडाला आलं ते बोलले."